पूर्णाकाठचं सात एकर

मामाच्या घरी चहा ठेवायच्या आधी मामी विचारते, "कोन्त्या पान्याचा करू?" नवख्या माणसाला प्रश्नच कळत नाही. या घरात पाण्याच्या तीन जागा आहेत. ओट्याखाली वीस लिटरचा कॅन, म्हणजे विकतचं आरओ. दाराआड रांजण, त्यात नळयोजनेचं पाणी. ते ठरलेल्या दिवशी येतं आणि न ठरलेल्या दिवसापर्यंत पुरवावं लागतं. न्हाणीजवळ सिमेंटची टाकी, तिच्यात हापशीचं पाणी. ते भांड्याला, धुण्याला आणि ढोरांना. हापशीच्या पाण्याचा चहा केला तर दूध फाटतं. तुरीची डाळ दोन शिट्ट्या जास्त घेऊनही शिजत नाही. पितळी गडव्याच्या आत पांढरा थर बसतो, तो फक्त चिंचेनं निघतो.

गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णा नदीपासून उत्तरेला पायी तासाभरावर. नाव देत नाही, कारण या पट्ट्यातल्या कुठल्याही गावाचं नाव घातलं तरी गोष्ट तीच राहील. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत, पूर्णेच्या दोन्ही अंगांनी, सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा हा खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा मुलूख, पसरला आहे. गावं नऊशेच्या घरात. मी अकोल्यात भूगोल शिकवतो आणि वर्गात हा पट्टा एका तासात संपवतो. मामाच्या सात एकर वावरात मात्र तो पंचवीस वर्षं झाली तरी संपलेला नाही. हे प्रकरण त्या वावराचं आहे.

बोअरला पाणी लागलं

मोठ्या मामांची सासुरवाडी अंजनगाव सुर्जीकडची. तिकडे गेलं की दोन्ही बाजूंना केळी, संत्री, नागवेलीचे पानमळे, पानपिंपरीचे मांडव. इकडून तिकडचं अंतर एसटीनं तासाभराचं. बायकोच्या माहेरी पाहुणचार घेता घेता मोठ्या मामांच्या डोक्यात बसलं की पाणी असलं तर आपल्या वावरातही हे होऊ शकतं. माती तर आपलीच भारी, त्यांच्यापेक्षा काळी, त्यांच्यापेक्षा खोल.

1998 च्या उन्हाळ्यात बोअर मारला. म्हाताऱ्या आजोबांनी 'खालच्या पाण्याला हात लावू नका' म्हणून बजावलं होतं, असं लिहिता आलं असतं तर गोष्ट रंगली असती. पण कुणीच विरोध केला नव्हता. नारळ आजोबांनीच फोडला. पाणी भरपूर लागलं, आणि मोठ्या मामांनी ओंजळीनं पिऊन पाहिलं. खारं होतं, पण हापशीच्या पाण्यावर वाढलेल्या जिभेला ते 'चालन्यासारखं' वाटलं.

पहिल्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, खरंच चांगली आली. दुसऱ्या वर्षी हरभऱ्याला ओलीत केलं, तोही बरा. तिसऱ्या वर्षी बोअरजवळच्या दीड एकरात पेरलेलं उगवेना. सरत्यानं सोडलेलं बियाणं जमिनीत आहे, ओल आहे, पण वर खापरीसारखा कडक पापुद्रा. तो बोटानं उचलला तर खाली पिवळा पडलेला मोड वाकडा होऊन बसलेला. पावसाळ्यात त्या तुकड्यात पाणी आठ-आठ दिवस उभं, वापसा येईना, डवरा चालेना. उन्हाळ्यात ढेकळं अशी की वखराची पास उडून बाजूला पडे. धुऱ्याच्या कडेनं पांढरी झाक आली. गावात याला 'जमीन मेली' म्हणतात, सरकारी कागदावर 'चोपण'.

दोन वर्षं चाललेलं ओलीत तिसऱ्या वर्षी का फसलं, हे मला बरंच नंतर कळलं. या मातीत निम्म्याहून जास्त भाग चिकणमातीचा. तिचा कण म्हणजे पत्त्यांच्या कॅटासारखी पातळ पानं. पानांच्या मध्ये कॅल्शियम असेल तर ती एकमेकांना धरून राहतात, मातीचे रवे होतात, रव्यांमधून हवा-पाणी फिरतं. सोडियम शिरला की पानं फुगून सुटी होतात, पाण्यात पसरतात आणि सगळ्या फटी बुजवतात. बोअरच्या पाण्यात सोडियम भरलेलाच होता. त्या पाण्यातला आणि मातीतला कॅल्शियम चुनखडीचे गोटे होऊन बाजूला पडत गेला आणि मैदान सोडियमला मोकळं झालं.

मग पहिल्या दोन वर्षांत हे दिसलं का नाही? कारण खारं पाणी आपल्या क्षारांच्या जोरावर मातीला काही काळ आवळून ठेवतं. पाणी देत आहात तोवर जमीन बरी दिसते. वरून पावसाचं गोडं पाणी पडलं की ती पकड सुटते आणि चिकणमाती विरघळल्यासारखी सैल होते. म्हणजे बिघडवलं बोअरनं आणि दोष दिसला पावसाळ्यात. मोठ्या मामांनी त्या वर्षी बियाण्याच्या कंपनीला शिव्या घातल्या, पुढच्या वर्षी खताच्या दुकानदाराला. बोअरकडे बोट जायला आणखी एक हंगाम गेला.

उत्तरेकडे साठ किलोमीटर

विद्यार्थ्यांना घेऊन मी दरवर्षी अकोल्याहून अकोटमार्गे पोपटखेडपर्यंत जातो. साठ किलोमीटरच्या आतला हा रस्ता म्हणजे सपाट मैदानावरचा उभा छेद आहे, फक्त बघता आला पाहिजे. अकोला सोडलं की थोड्याच वेळात गांधीग्रामला पूर्णा ओलांडायची. नदीच्या दोन्ही बाजूंना झाडं कमी, विहिरी त्याहून कमी. बाभळी, बोरी, आणि क्षितिजापर्यंत पऱ्हाटी-तूर. रस्ता लाटांसारखा वर-खाली होतो. त्याला ठेकेदार जितका कारण, तितकीच खालची माती, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. अकोट जवळ आलं की हिरवेपणा दाटतो. पुढे पोपटखेडकडे मातीत गोटे दिसायला लागतात, आणि संत्र्याचे, केळीचे बगीचे सुरू होतात. वर नरनाळा किल्ल्याचा डोंगर.

गोट्यांमध्येच सगळं आलं. सातपुड्याच्या, म्हणजे इथल्या गाविलगड रांगेच्या पायथ्याशी जमिनीला मोठा भ्रंश आहे. त्याच्या दक्षिणेची बाजू खचत गेली आणि त्या लांबट खळग्यात नद्यांनी गाळ भरला. बाकी विदर्भात विहीर खणताना थोडं खाली गेलं की काळा पाषाण लागतो. इथं शेकडो फूट खाली जा, गाळच. डोंगरातून धावत आलेलं पाणी पायथ्याला जड माल टाकतं: गोटे, वाळू, भरड माती. त्यातून पाऊस झिरपतो, वाहतो, धुतला जातो, म्हणून तिथलं भूजल गोडं. पुढे उतार संपतो, पाण्याचा जोर संपतो, आणि मागे राहते ती सर्वांत बारीक चिकणमाती. तिच्यातून पाणी जवळजवळ हलतच नाही. पाऊस वर्षाला साडेसातशे-आठशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने ऊन वर ओढत असतं. आलेले क्षार बाहेर जायला वाट नाही. बैतूल जिल्ह्यातल्या भैसदेहीजवळ उगम पावणारी पूर्णा पुढे पश्चिमेला चांगदेवजवळ तापीला मिळते, पण मधल्या पट्ट्यात ती सांडपाण्याच्या नालीएवढाही निचरा करत नाही.

अंजनगावचं बघून बोअर मारणं म्हणजे काय होतं ते आता लक्षात येईल. तासाभराच्या एसटीत मोठ्या मामांनी गोट्यांचा देश सोडून चिखलाचा देश गाठला होता. वरून दोन्ही सारखेच सपाट, सारखेच काळे.

जुन्या सत्तांना हे माहीत असायची गरजच नव्हती, त्यांना गोडं पाणी हवं होतं आणि ते पायथ्याला होतं. वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी अचलपूरला, किल्ले गाविलगड आणि नरनाळा डोंगरावर. मधला पयानघाट, म्हणजे हीच सपाटी, पिकवायचा आणि सारा भरायचा. तीनशे वर्षांनी इंग्रजांनी याच सपाटीकडे कापसाच्या नजरेनं पाहिलं. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाड त्यांच्या ताब्यात आला, 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी पूर्णेच्या दक्षिणेनं गेली आणि 1867 मध्ये नागपूरला पोचली. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून वेगळा फाटा टाकला, त्याचं उद्‌घाटन 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंनी केलं. राजधानीचं अचलपूर मागं पडलं, रुळावरचं अकोला पुढं गेलं. पूर्णेच्या उत्तरेला रूळ यायला आणखी पंचेचाळीसेक वर्षं लागली, तेही अरुंद: मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर अशी आपली शकुंतला रेल्वे, 1913 ची. आजोबा तिच्यात बसून मूर्तिजापूरला जात आणि म्हणत की लघवीला उतरून परत चढता येतं. आता ती बंद आहे, रुळांमध्ये बाभळी उगवल्या आहेत.

या सगळ्या कापूसकाळाबद्दल एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. तो कापूस कोरडवाहू होता. भूजलाशी त्याचा संबंधच नव्हता. खोल काळी माती पावसाळ्यात जेवढी ओल पोटात साठवते, तेवढ्यावर पऱ्हाटी दिवाळीनंतरही उभी राहते, आणि खरिपात पडीत ठेवलेल्या रानात रब्बीचा हरभरा नुसत्या ओलीवर निघतो. म्हणून आमच्या गावात सागवानी खांबांचे दुमजली वाडे आहेत आणि त्याच वाड्यांच्या चौकात प्यायला न येणाऱ्या विहिरी. श्रीमंती आणि खारं पाणी शंभर वर्षं एका घरात नांदली. पिण्यापुरतं लोक नदीच्या वाळूत झिरे खणत आणि डोक्यावर आणत. माणसांचं खारेपणाचं दुःख जुनं आहे. जमिनीचं दुःख विजेच्या पंपाबरोबर आलं.

धाब्यावरची माती

मामांच्या जुन्या घराला धाबं होतं. लाकडी कड्या, वर फळ्या, पालापाचोळा, आणि सर्वांत वर खारी माती. दरवर्षी उन्हाळ्यात, रोहिणी लागायच्या आधी, धाब्यावर नवी खारी टाकायचा कार्यक्रम असे. ती कुठून आणायची हे ठरलेलं: नाल्याच्या काठची पांढरट, पीक न येणारी जागा. बैलगाडीनं आणायची, चाळून पसरायची, पहिल्या सरीत तुडवायची. मग धाबं गळत नसे. पोरं म्हणून आम्ही तुडवायला जायचो आणि पायाला भेगा पाडून घ्यायचो.

ती माती गळत का नाही? सोडियममुळे. पहिल्या पावसात तिची पानं सुटतात, फुगतात, फटी बुजवतात. बोअरनं दीड एकरात जे केलं तेच आजोबा दरवर्षी डोक्यावर करून घेत होते, जाणूनबुजून आणि कौतुकानं.

गाव वसवायची रीतही मातीनंच ठरवली. आपल्याकडे शेतीची ती काळी आणि गावठाणाची ती पांढरी. काळीत घर बांधलं की दोन उन्हाळ्यांत भिंतीला तिरपी चीर जाते. नवीन पिढीनं गावठाणाबाहेर, रस्त्याच्या कडेला, काळीतच प्लॉट पाडून स्लॅबची घरं बांधली. त्यातल्या एकात मामाचा मुलगा राहतो. मे महिन्यात त्याच्या देवघराच्या दाराची कडी लागत नाही, ऑगस्टात लागते. बांधणाऱ्या गवंड्याला सगळे दोष देतात. गवंडी बिचारा शहरातून आलेला, त्याला काळी-पांढरी कोण सांगणार?

शेततळं, आणि त्यातल्या दोन चुका

मोठे मामा 2011 मध्ये गेले. सात एकर धाकट्या मामांकडे आलं, दीड एकर मेलेल्यासकट. 2016 मध्ये राज्य सरकारची 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, आणि पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातली गावं वेगळी धरली गेली. गावात शेततळ्यांचं बोलणं सुरू झालं तेव्हा मामांचा पहिला प्रश्न होता, "जागा किती जाते?"

तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल. बांधासकट सोळा गुंठे. सात एकरांतले सोळा गुंठे जिवंत जमिनीतून काढायचे म्हणजे मामांच्या छातीत कळ येण्यासारखंच होतं. मी वहीवर हिशेब मांडला. बाजूंना उतार देऊन असं तळं 2,196 घनमीटर पाणी धरतं, म्हणजे बावीस लाख लिटरच्या जवळपास. सात एकरांवर साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला पाचवा हिस्सा जरी वाहत आला, तरी तळं जवळजवळ दोनदा भरेल. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत ऊन नि वारा मिळून चारेकशे घनमीटर उडवेल. उरलेल्यात चार एकर हरभऱ्याला तुषार संचानं पन्नास मिलिमीटरची दोन पाणी बसतात: एक फुलोऱ्याच्या आधी, एक घाटे भरताना. याहून जास्त काही नाही. केळी नाही, संत्री नाही.

मामांनी वही पाहिली, मग विचारलं, "अन् तळ्यात प्लास्टिक?"

"नाही लागत, मामा."

"काहून?"

"तुमची मातीच प्लास्टिक आहे. धाबं नाही का गळत?"

त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे मोठ्या भाऊले कोनी सांगतलं पाह्यजे होतं."

इतर जिल्ह्यांत शेततळ्याचा सगळ्यात मोठा खर्च अस्तराचा असतो, कारण मुरमाड जमिनीत पाणी आठवड्यात झिरपून जातं. खारपाणपट्ट्यात ते झिरपतच नाही. ज्या गुणापायी जमीन मेली, त्याच गुणापायी तळं फुकटात बसतं. एवढंच की तीन मीटरच्या खाली जायचा मोह आवरायचा. खालच्या खाऱ्या पाण्याला भोक पडलं की तळं म्हणजे दुसरा बोअर.

2019 च्या मे महिन्यात जेसीबी लावला. आणि इथं आम्ही पहिली चूक केली. मी अकोल्यात होतो, मामा लग्नाला गेले होते. चालकाला सांगितलं होतं, माती बांधावर टाक. त्यानं वरची काळी बांधावर रचली आणि खालची, पिवळसर, चुनखडीचे गोटे असलेली माती उरली तेव्हा ती शेजारच्या अर्ध्या एकरात नीट पसरून दिली. नीट, सपाट, मेहनतीनं. त्याला वाटलं नवी माती म्हणजे शेतकरी खूश. ती माती म्हणजे जमिनीच्या पोटातला सोडियम होता, सर्वांत जास्त तिथंच असतो. त्या अर्ध्या एकरात पुढची दोन वर्षं तूर गुडघ्याएवढीच राहिली. ट्रॉलीनं ती माती उचलून पांदणीवर, म्हणजे शेतवाटेवर, टाकली, पण सगळी निघाली नाही. पांदण मात्र पावसाळ्यात अशी झाली की बैलजोडीसुद्धा घालता येईना, आणि शेजारी मामांशी महिनाभर बोलले नाहीत.

दुसरी चूक बांधाची. पहिल्या मोठ्या पावसात तळं भरलं, गावात पेढे वाटून झाले, आणि आठवड्यानंतर पश्चिमेच्या बांधात उंदराच्या बिळाएवढं भोक दिसलं. दुसऱ्या दिवशी ते घागरीएवढं. तिसऱ्या दिवशी बांध आतून पोकळ होऊन बसला. सुटी होणारी ही चिकणमाती वाहत्या पाण्यात साखरेसारखी जाते, आणि बांध नीट दाबला नसेल तर पाणी त्यातून सुरुंग पाडतं. नशिबानं निम्मं पाणी वाचलं. पुढच्या उन्हाळ्यात बांध उकरून थरांथरांनी, ओलावून, दाबून पुन्हा बांधला, पाणी आत यायच्या जागी दगडी पिचिंग केलं आणि वर गवत लावलं. हे सगळं आधी करायला हवं होतं. योजनेच्या कागदात तळ्याची मापं होती. या मातीचा स्वभाव नव्हता.

तिसरी गोष्ट चूक नाही, पण कटकट आहे. तळ्याचं पाणी कधीच नितळ होत नाही. डिसेंबरातही ते दुधाळ तपकिरी, पाणी घातलेल्या चहासारखं. कण इतके बारीक आणि एकमेकांना दूर ढकलणारे की ते तळाला बसतच नाहीत. तुषार संचाची तोटी दर दोन दिवसांनी काढून टाचणीनं साफ करावी लागते. बादलीत तुरटी फिरवली की अर्ध्या तासात पाणी फाटून गाळ खाली बसतो. मामीनं हे करून पाहिलं आणि त्या पाण्यात डाळ लावली. एका शिट्टीत शिजली. तेव्हापासून घरात पाण्याची चौथी जागा आहे.

हरभरा किती झाला ते मामा सांगत नाहीत, नजर लागते म्हणतात. रुंद वरंब्यावर पेरायला त्यांनी सुरुवात केली आहे, सरीतून जास्तीचं पाणी तळ्याकडे जातं आणि मुळांशी साचत नाही. गावात आता बरीच शेततळी आहेत. दोन घरांनी त्यात बोअरचं पाणी सोडून भरून ठेवलं आहे. त्यांच्याशी मी वाद घातला आणि हरलो.

खारपाणातले

मामाच्या मुलाचं लग्न जमायला चार वर्षं लागली. कारणं नेहमीचीच: नोकरी नाही, शेती कोरडवाहू. पण अचलपूरकडच्या एका घरात मुलीच्या आजीनं स्पष्ट विचारलं होतं, "पानी कसं हाय तुमच्याकडे?" मामांनी खोटं सांगितलं नाही. स्थळ मोडलं. या पट्ट्याबाहेरचे लोक 'खारपाणातले' म्हणतात तेव्हा त्यात थोडी कीव असते, थोडी टिंगल.

आतली माणसं ते नाव कसं घेतात ते वेगळं. त्यांच्या देवाधर्मातही पाणी येतंच. अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला गजानन महाराजांनी कोरड्या विहिरीला पाणी आणलं, अशी श्रद्धा आहे; ती विहीर पाहायला लोक जातात. चमत्कार विहिरीचाच असावा, हे या मुलखाबाहेर कुणाला सुचलं असतं का? गाडगेबाबांचं बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या शेतावर गेलं आणि ऋणमोचनला पूर्णेच्या काठावर पौषातल्या रविवारच्या यात्रेत त्यांनी घाट बांधायचं काम उभारलं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची मंडळी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडींनी खांद्यावर आणून राजराजेश्वराला घालतात. जिच्या काठी पाणी पिववत नाही, त्या नदीचं पाणी एवढ्या लांब खांद्यावर.

राजकारणातही हीच घागर. सातपुड्यातल्या धरणांचं गोडं पाणी, वानचं किंवा शहानूरचं, खाली खारपाणात किती यावं आणि पायथ्याच्या बगीच्यांना किती राहावं यावरून तेल्हारा-अकोट एकीकडे आणि बाळापूर-अकोला दुसरीकडे असे मोर्चे निघाले आहेत. 2023 च्या एप्रिलमध्ये बाळापूरचे आमदार खारं पाणी घेऊन नागपूरपर्यंत पायी निघाले होते. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं आणि त्यामुळे कुणाच्याच मंडपात मला बसता येत नाही. पायथ्याला बोअर खोल खोल चालले आहेत, तिथंही पाणी उतरलं आहे. पिण्याचं पाणी खाली यायलाच हवं. पण ओलितासाठी डोंगराचं पाणी पाट काढून या चिकणमातीवर सोडलं तर निचऱ्याशिवाय ती चिबडेल, हे मोर्चात कुणी बोलत नाही. पूर्णेवर घुंगशी, नेरधामणासारखे बॅरेज झाले आहेत, कालव्यांची नाही तर पाईपची भाषा आता सुरू आहे, ते त्यातल्या त्यात बरं.

राहिला दीड एकर. मामांनी त्यात हिरवळीच्या खताचा ढेंचा पेरून गाडला, दोनदा जिप्सम टाकलं, शेणखत घातलं. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला पानांमधून बाहेर ढकलतो, पण ढकललेला सोडियम धुऊन जायला खाली वाट हवी, आणि इथं ती नाही. म्हणून आडवी चर काढली, नाल्याकडे उतार देऊन. गेल्या खरिपात त्या तुकड्याच्या चरीलगतच्या आठ-दहा ओळींत ज्वारी कंबरेएवढी आली. पुढे मधोमध तीच वीतभर. मामा रोज संध्याकाळी तिथं जाऊन टाच दाबून बघतात.

येत्या मे महिन्यात तिथं तीन फुटांचा खड्डा घेऊन प्रत्येक थराचा नमुना वेगळा काढायचा आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठात तपासायला द्यायचा, असं ठरलं आहे. वरच्या सहा इंचांची तपासणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा कागदावर जमीन बरी निघाली. खड्डा खणायला मजूर लावू म्हटलं तर मामा म्हणाले, "नाई. खड्डा मीच खोदतो. तू फक्त थैल्यांवर नंबर टाक."